ब्लॅक थिऑलॉजीचा तास आणि "मॅडम, तुमचं काय?"

नगरी_पेन
मंगळवार, रात्री ११.४०

सलाम मंडळी. (नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराला सलामच म्हणतात, टाइप चुकलेलं नाही.)

मी इंग्लंडात, मिडलंड्स भागात, एका लहानशा थिऑलॉजी कॉलेजात शिकवते. मराठीत ईश्वरविज्ञान म्हणतात, पण तो शब्द ऐकून माझी आईसुद्धा हसते, तेव्हा थिऑलॉजीच म्हणू. चार वर्षांपूर्वी दोन कामं एकदम गळ्यात पडली. एक म्हणजे 'ब्लॅक थिऑलॉजी' हा विषय. दुसरं, कॉलेजातल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवायचं. दुसरं काम माझ्याकडेच का आलं ते कुणी सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये एकदा नजर फिरवली की कळतं.

विषय माहीत नसलेल्यांसाठी थोडं. काळ्या माणसांच्या अनुभवातून देवाचा विचार करायचा, ही ब्लॅक थिऑलॉजी. ती मांडणारा जेम्स कोन अमेरिकेत अर्कान्सासमधल्या बेअर्डन या लहान गावात वाढला. डॉक्टरेट केली कार्ल बार्थवर, म्हणजे गोऱ्या युरोपातल्या सगळ्यात वजनदार धर्मपंडितावर. १९६७ मध्ये काळ्या वस्त्यांतल्या दंगलीने डेट्रॉइट शहर पेटलं तेव्हा तो मिशिगनमध्येच शिकवत होता. आपण वर्गात जे बोलतो त्याचा रस्त्यावरच्या त्या माणसांशी काडीचा संबंध नाही, हे त्याला खायला लागलं. पुढच्या एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला, आणि त्या उन्हाळ्यात कोनने झपाटल्यासारखं पुस्तक लिहून काढलं. 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर', १९६९. म्हणणं असं की, ज्या देवाने मिसर देशात गुलामांची बाजू घेतली, तो अमेरिकेत मळेवाल्याच्या बाजूने उभा असेल तर तो बायबलातला देवच नाही. २०११च्या पुस्तकात त्याने वधस्तंभ आणि काळ्या माणसांना जिथे फासावर लटकवलं ती झाडं शेजारी शेजारी ठेवली. ते पुस्तक वाचल्यावर गुड फ्रायडेची उपासना पूर्वीसारखी होत नाही.

ब्रिटनमध्ये हा विषय उशिरा आला. नव्वदच्या दशकात बर्मिंगहॅमच्या क्वीन्स कॉलेजात रॉबर्ट बेकफर्ड तो शिकवू लागले. पुढे तिथेच मूळच्या बंगालच्या मुक्ती बार्टन यांनी ब्लॅक आणि एशियन थिऑलॉजी शिकवली. अँथनी रेडी हे आता ऑक्सफर्डचे ब्लॅक थिऑलॉजीचे पहिले प्राध्यापक आहेत. म्हणजे वाट पडलेली आहे, मी काही झाडी तोडत नाहीये.

माझा पहिला तास ठरलेला असतो. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक उतारे. पूर्ण बायबलात ११८९ अध्याय असतात, त्यात २३२. निर्गमाच्या पुस्तकात मोशे लोकांना मिसरातून बाहेर काढतो तो भाग गाळलेला. "दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा" हे मात्र शाबूत. मी विद्यार्थ्यांना साधं बायबल आणि एक पेन्सिल देते, आणि म्हणते, तुम्ही मळ्याचे मालक आहात, काय काय गाळाल? पहिली पाच मिनिटं हशा असतो. मग खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज.

आता मूळ दुखणं. दोन विद्यार्थी सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून.

पहिली, पन्नाशीची नर्स. आईवडील जमैकाहून आलेले. ड्यूटी संपवून संध्याकाळच्या वर्गाला येते. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ या विषयावर निबंध होता. तिने आजीच्या एका प्रार्थनेपासून सुरुवात केली आणि त्या प्रार्थनेतून पूर्ण मांडणी उभी केली. दुसऱ्या परीक्षकाचा शेरा: "मनापासून लिहिलं आहे, पण वैयक्तिक, अभ्यासाचा आधार कमी." त्याच गठ्ठ्यात एकाने बॉनहोफर (नाझींच्या कैदेतला जर्मन धर्मपंडित) तुरुंगात काय भोगत होता यावर लिहिलं होतं. ते मात्र 'स्रोत'! गंमत म्हणजे हाच बॉनहोफर १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कला असताना हार्लेमच्या अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची शाळा घेत होता. काळ्या माणसांच्या देवळात बसून जर्मन माणूस जे शिकला ते थिऑलॉजी, आणि त्या देवळात जन्म काढलेल्या बाईची आजी म्हणजे आठवण.

दुसरा, दक्षिण भारतातून आलेला मुलगा. वर्गात तोंड उघडत नाही. मला वाटलं भाषेची अडचण. महिन्याने कळलं की मागच्या बाकावरच्या दोन भारतीय विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला "घराणं कुठलं, चर्च कुठलं" असं गोड आवाजात विचारलं होतं. तेव्हापासून तो कँटीनमध्ये एकटा जेवतो.

आणि तिसरी मी. पहिल्या वर्षी दहा आठवडे कोन शिकवला, जातीबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटच्या तासाला घाना मूळ असलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमचं कळलं. तुमचं काय?" माझे पणजोबा मिशनच्या शाळेत येण्यापूर्वी महारवाड्यात राहत होते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "पुढच्या टर्मला बोलू." पुढच्या टर्मला ती नव्हती.

तर विचारायचं आहे ते हे. कुणाला शिकवण्याचा किंवा परक्या देशात शिकण्याचा अनुभव असेल तर सांगा. 'आधार' म्हणून कॉलेज मला महिन्यातून एक चहा-बिस्किटांची बैठक देतं. त्याने काही होतं का? आणि दुसऱ्याचं दुःख शिकवताना आपलं झाकून ठेवलं तर ते शिकवणं खोटं पडतं का?

—

तळ्याकाठी
बुधवार, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. पेन्सिलीचा प्रसंग वाचून चहा गार झाला. सविस्तर रात्री लिहिते.

—

तर्कटराव
बुधवार, सकाळी ९.२०

लेख चांगला आहे, पण प्रामाणिक शंका. देवाला रंग असतो का? गणित काळं-गोरं नसतं, मग थिऑलॉजी का? उद्या कोकणस्थ थिऑलॉजी, घाटी थिऑलॉजी काढाल. शिवाय गुलामगिरी बंद करायला विल्बरफोर्ससारखे ख्रिस्तीच पुढे होते. त्यांचं श्रेय का नाकारायचं?

आणि निबंधात आजी कशाला? आमच्या इंजिनिअरिंगच्या पेपरात आजी लिहिली असती तर सरांनी शून्य दिलं असतं.

—

जुनं_पान
बुधवार, दुपारी १.१०

तर्कटराव, तुमच्या पेपरात आजीला शून्य मिळालं असतं, कारण पूल आजीच्या प्रार्थनेवर उभा राहत नाही. श्रद्धा राहते.

विल्बरफोर्सचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण गोष्ट तिथे थांबवली की उरलेलं दिसत नाही. बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते. मालक कोण, तर इंग्लंडच्या चर्चची सुवार्ता प्रसाराची संस्था. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' असा शब्द डागत. याबद्दल चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडने (धर्मसभेने) २००६ मध्ये माफी मागितली. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना, बरं का. गुलामांना छदाम नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते.

आणि त्याआधी, १८३१च्या नाताळानंतर, जमैकात सॅम शार्प या गुलामाने संप पुकारला. तो बॅप्टिस्ट मंडळीतला डीकन होता, बायबल वाचून म्हणायचा की दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. हजारो गुलाम त्यात उतरले. मे १८३२ मध्ये त्याला फाशी दिलं. विल्बरफोर्स पाठ्यपुस्तकात असतो, शार्प नसतो. नगरी_पेन बाई जो विषय शिकवतात त्याची गरज इथे आहे.

रंगाबद्दल म्हणाल तर: युरोपातल्या चित्रांतला निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू पाहून "देवाला रंग असतो का" असं तीनशे वर्षांत कुणी विचारलं नाही. त्याला काळा म्हटल्याबरोबर प्रश्न सुचला.

बाई, त्या परीक्षकाला हॉवर्ड थर्मन हा काळा अमेरिकन धर्मपंडित वाचायला द्या. १९४९चं 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड'. थर्मनची आजी गुलामीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही, प्रीतीवरचा करिंथकरांतला तेरावा अध्याय तेवढा सोडून. कारण मालकाचा पाळक दर वेळी पौलाचाच आधार घेऊन "आज्ञेत राहा" सांगायचा. तिने ठरवलं होतं, सुटका झाली तर तो भाग पुन्हा ऐकायचा नाही. अमेरिकेतल्या एका महत्त्वाच्या पुस्तकाच्या पायात ही आजी आहे. तिला कुणी 'वैयक्तिक' म्हणून पंधरा गुण कमी दिले नाहीत.

अवांतर: हाच थर्मन १९३५-३६ मध्ये हिंदुस्थानात आला होता, बारडोलीला गांधीजींना भेटला. कोलंबोत एका वकिलाने त्याला तोंडावर विचारलं होतं की, तुमच्या लोकांना गुलाम करणाऱ्यांचाच धर्म घेऊन तुम्ही इथे कसे आलात? पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू होतं. म्हणजे "मॅडम, तुमचं काय" हा प्रश्न नवा नाही.

—

पँथरची_पोर
बुधवार, रात्री ८.३०

जुनं_पान, प्रतिसाद आवडला. पण आपल्या बाजूचा धागाही इथे यायला हवा.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्या लोकांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव कुठून आलं हे सांगायला नको. माझे वडील तेव्हा नायगावात राहायचे. भिंतीवर ढसाळांची कविता आणि शेजारी ब्लॅक पँथरचं मासिकातून कापलेलं चित्र होतं. ते चित्र कुठल्या मासिकातलं हे वडिलांनाही आठवत नाही.

थिऑलॉजीतही हाच धागा आहे. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात महाराष्ट्रातल्या अरविंद निर्मळ यांनी 'शूद्र थिऑलॉजीकडे' या विषयावर भाषण दिलं. दलित थिऑलॉजीची सुरुवात तिथून धरतात. भारतातली चर्च दलितांनी भरलेली आणि थिऑलॉजी मात्र उच्चवर्णीय धर्मांतरितांची, वेदान्ताशी गप्पा मारणारी, हा त्यांचा मुद्दा होता. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं "माझा बाप भटका अरामी होता" हे वचन घेऊन ते म्हणाले, इस्राएल लोकांनी आपली मुळं झाकली नाहीत, आपण का झाकायची?

ताई, तुम्ही पणजोबांबद्दल जे लिहिलंत त्याला हे लागू आहे, राग मानू नका.

एक सावधगिरी मात्र. काळा रंग आणि जात एकच, असं वर्गात सांगू नका. बाबासाहेबांनी स्वतः गुलामी आणि अस्पृश्यता यांत फरक केला आहे. रंग दारात उभा राहिल्याबरोबर दिसतो. जात आडनावावरून, गावावरून, जेवणावरून हुंगून काढतात. तुमचा दक्षिणेकडचा मुलगा कँटीनमध्ये एकटा बसतो, कारण गोऱ्यांच्या देशात येऊनही त्याला आपलेच लोक भेटले. हे दुखणं त्या नर्सबाईंना सांगायला दहा मिनिटं लागतील. त्या मागच्या बाकावरच्यांना सांगायला एक शब्दही लागणार नाही, त्यांना माहीत आहे.

—

वसईचा_वारा
बुधवार, रात्री १०.१५

कॅथलिक आहे, त्यामुळे थोडं बाहेरून. आमच्याकडे "ख्रिस्तात सगळे एक" हे वाक्य कानावर सारखं पडतं. गोव्यात गावोगावच्या कोन्फ्रारियांचा (चर्चमधल्या मानकरी मंडळांचा) इतिहास पाहा: कोणत्या सणाचा मान बामणांचा, कोणत्या चार्ड्यांचा (ही तिथली दुसरी वरची ख्रिस्ती जात), लाल झगा कुणी घालायचा. तमिळनाडूत काही ख्रिस्ती दफनभूमींत दलितांच्या थडग्यांसाठी वेगळा भाग आहे. मेल्यावरसुद्धा शेजार नको.

आणि रंगाचं म्हणाल तर आमच्या लग्नाच्या जाहिरातीत "रोमन कॅथलिक, गोरी" असं सर्रास असतं. त्यामुळे इंग्लंडातल्या आशियाई विद्यार्थ्यांना ब्लॅक थिऑलॉजीच्या वर्गात बसवलं की ते आपोआप आपल्या बाजूचे होतील, असं समजू नका. आपले लोक बरेचदा गोऱ्यांच्या रांगेत जागा मिळते का बघतात. मी स्वतः दुबईत हेच करत होतो, कबूल.

—

लेस्टरवासी
गुरुवार, पहाटे २.४० (नाइट शिफ्ट)

थिऑलॉजी कळत नाही. बायको मात्र याच क्षेत्रात शिकत होती, म्हणून व्यवहाराचं लिहितो. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. फी परदेशी विद्यार्थ्याची. बायको शुक्रवार-शनिवार केअर होममध्ये रात्रपाळी करायची आणि निबंधाची मुदत असायची सोमवारी दुपारी बाराची. रविवार चर्चमध्ये, कारण त्याचीही हजेरी. मुदत बुधवारी नेली असती तर कुणाचं काय गेलं असतं? तिने मागितली नाही. का? कारण मुदतवाढीच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी होती: आजारपण, मृत्यू, अपघात. गरिबी त्या यादीत नव्हती.

ताई, चहा-बिस्किटांपेक्षा तो फॉर्म बदला.

दुसरं, तुमचा तो मुलगा. आपल्याकडे शिक्षकासमोर गप्प बसणं म्हणजे आदर. इथे गप्प बसणं म्हणजे अभ्यास नाही. बायकोला वर्गातल्या सहभागाचे गुण दर वेळी कमी. एका ट्यूटरने तिला प्रश्न आदल्या दिवशी ईमेलने द्यायला सुरुवात केली. म्हणाली, उद्या पहिलं तू बोलायचंस. तेवढ्यावर गाडी रुळावर आली.

—

तर्कटराव
गुरुवार, सकाळी ९.०५

जुनं_पान, कॉड्रिंग्टनचं माहीत नव्हतं. मान्य. विल्बरफोर्सचा मुद्दा मागे घेत नाही, पण अर्धा मागे घेतो.

तरी एक खटका उरतो. सगळे आपापल्या आजीवरून थिऑलॉजी लिहायला लागले तर चूक-बरोबर ठरवायचं कोणी? त्या नर्सबाईंची आजी चुकीची असू शकते ना?

—

नगरी_पेन
गुरुवार, सायंकाळी ६.५०

तर्कटराव, प्रश्न बरोबर आहे, आणि याचं उत्तर ब्लॅक थिऑलॉजीच्या घरातूनच आलं आहे. कोनच्या सुरुवातीच्या पुस्तकांत बायका जवळजवळ नाहीतच. काळ्या स्त्रियांनी त्याला धरलं. डेलोरेस विल्यम्सने १९९३ मध्ये हागार पुढे आणली, अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी. तिचं पोट वापरून घेतलं आणि तिला मुलासकट रानात हाकललं. विल्यम्स म्हणते, तुम्ही निर्गम निर्गम करता, पण हागारेला देवाने सोडवलं नाही, एकदा तर परत धनिणीकडे जायला सांगितलं. मग मुक्ती देणारा देव हे सगळ्यांना कसं लागू? म्हणजे एका आजीला दुसरी आजी तपासते. कोननेही पुढे स्वतःची चूक छापील कबूल केली. युरोपातल्या कुठल्या धर्मपंडिताने इतक्या लवकर केली असती, सांगा.

नर्सबाईंच्या निबंधात मलाही एक कच्चा दुवा दिसला होता. आजीची प्रार्थना दुःख सोसण्याची होती. दुःख सोसल्यानेच सुटका होते, असं म्हटलं की मळ्याच्या मालकाला बरंच. तो प्रश्न तिला विचारायला हवा होता. "वैयक्तिक आहे" म्हणून शेरा मारणारा तो प्रश्न विचारतच नाही. आजीला गंभीरपणे घेतलं तरच तिच्याशी वाद घालता येतो.

लेस्टरवासी, फॉर्मचं डोक्यात बसलं. उद्याच बघते.

—

तळ्याकाठी
गुरुवार, रात्री ९.३०

रात्री लिहिते म्हणाले होते, एक दिवस उशीर. मला या चर्चेत पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. इंग्लंडात आलेली मराठी ख्रिस्ती विद्यार्थिनी म्हटलं तर पहिलं नाव त्यांचंच. १८८३ मध्ये वॉन्टेजला, तिथल्या जोगिणींच्या मठात गेल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या, संस्कृत शिकवलंही.

त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार वाचा. मायेने बोलणाऱ्या, जीव लावणाऱ्या बाया, आणि तरीही सारखी इच्छा की रमाबाईंनी त्यांच्यासारखं व्हावं. अंड्याचं पुडिंग का खात नाही? क्रूसावर लॅटिन अक्षरं आहेत त्यात काय बिघडलं? रमाबाईंचं म्हणणं, आमच्या लोकांना संस्कृत जवळचं, मग लॅटिनच का? त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर) त्यांनी उघड शंका काढल्या. पुरुषांना शिकवायचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. आधार देणारे सगळे होते. म्हणणं ऐकून घेणारे त्यात किती? पुढे केडगावला बसून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, स्वतःच्या शब्दांत. ते काम त्या परीक्षकाने तपासलं असतं तर काय शेरा दिला असता कोण जाणे.

नगरी_पेन, तुमच्या यादीत रमाबाई आहेत का? नसतील तर का नाहीत? (पँथरची_पोर म्हणेल, ब्राह्मणबाई आहे म्हणून. तोही वाद वर्गात होऊ द्या.)

—

पँथरची_पोर
गुरुवार, रात्री ९.४५

म्हणणारच होते. 😄 पण लॅटिनचा मुद्दा लागू आहे, आणि संस्कृत का, हा माझा पुढचा प्रश्न. महारवाड्याला संस्कृत तरी कुठे जवळचं होतं?

—

भाऊसाहेब_भिंगार
शुक्रवार, सकाळी ६.१५

बाई, सलाम.

माझं वय ७८. नातवाने हा धागा मोठा करून दाखवला, म्हणून लिहितो. तो टाइप करतोय, मी सांगतोय.

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. आमचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लहानपणी कंपाउंडात पाण्याचे दोन माठ असत. कुणी बोर्ड लावला नव्हता. पण बामणातून आलेल्या ख्रिस्ती घरातली मुलं कोणत्या माठावर जायची आणि आमची कोणत्या, हे कुणी शिकवायला लागलं नाही. रविवारी प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा. सोमवारी माठ दोन. वडील हे पाळकसाहेबांना बोलले होते. पाळकसाहेब म्हणाले, हळूहळू होईल. हळूहळू झालं, एक माठ फुटला आणि दुसरा आणलाच नाही.

तू पणजोबांचं लिहिलंस, मला बरं वाटलं. आमच्या पिढीने सगळं झाकून ठेवलं. त्यात दुसरंही कारण होतं. ख्रिस्ती म्हटलं की अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, १९५०च्या आदेशापासून. शिखांना १९५६ मध्ये मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला नाहीत. मग कागदावर एक, गावात दुसरं आणि देवळात तिसरं. माणूस बोलणार कुठे? त्यामुळे तू गप्प बसलीस तो काही तुझा एकटीचा दोष नाही. पण आता बोल.

तुला एक विचारतो. त्या आजीच्या प्रार्थनेला गुण दिले का शेवटी?

—

नगरी_पेन
पंधरा दिवसांनी, रविवार

उशीर झाला, माफ करा. बराच गोंधळ झाला आणि थोडं कामही.

भाऊसाहेब काका, गुणांचं आधी. निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. मी सोबत एक पान जोडलं, थर्मनच्या आजीसकट (जुनं_पान, आभार). सात गुण वाढले. फार नाहीत, पण शेऱ्यातला 'वैयक्तिक' शब्द गेला आणि त्याजागी प्रश्न आला: सोसण्याला मुक्ती म्हणायचं का? नर्सबाईंनी तो वाचून मला फोन केला, अर्धा तास भांडल्या. मी चार वर्षांत त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आता प्रबंध त्याच प्रश्नावर करणार म्हणतात.

फॉर्ममध्ये 'कामाची पाळी' हे कारण घालायचा ठराव मी मांडला. समितीत एकाने विचारलं, यामुळे दर्जा घसरणार नाही का? २०२० मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनीच सिनडपुढे सांगितलं होतं की आपलं चर्च अजून संस्थात्मक पातळीवर वर्णद्वेषी आहे. पुढच्या वर्षी चर्चचा अहवाल आला, ४७ कृती सुचवल्या, त्यात पाळक होणाऱ्यांना ब्लॅक थिऑलॉजीची ओळख हवी हेही आहे. सगळ्यांनी तेव्हा माना डोलावल्या. मुदत सोमवारवरून बुधवारवर न्यायची म्हटलं की दर्जा आठवतो. ठराव पुढच्या बैठकीवर ढकललाय. मी पण चिवट आहे.

चहा-बिस्किटं बंद नाही केली. बिस्किटं जाऊन भजी आणि जोलोफ राईस आला, तेवढंच. पण त्या बैठकीत आता गुणपत्रिका घेऊन बसतो. कुणाच्या शेऱ्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचतो. तीन जणांच्या शेऱ्यांत शब्दही तेच निघाले.

आणि वर्ग. मंगळवारी मी फळ्यावर 'नगर' लिहिलं. पणजोबांचं सांगितलं, महारवाडा, मिशनची शाळा, आणि काका, तुमचे दोन माठ, तुमची परवानगी न घेता. मग निर्मळांचं भाषण. पँथरची_पोर, तुझी सावधगिरी पाळली, रंग आणि जात यांतला फरक आधी सांगितला. मागच्या बाकावरच्या दोघांपैकी एक उठून बाहेर गेला. दुसरा बसून राहिला, खाली मान घालून.

दक्षिणेकडच्या मुलाला प्रश्न आदल्या रात्री पाठवला होता, लेस्टरवासींच्या सल्ल्याने. तो बोलला नाही. त्याने गाणं म्हटलं. आईने शेतात म्हटलेलं, तेलुगू, चार ओळी. अर्थ सांगताना इंग्रजी अडखळलं, तेव्हा घानाचा एक मुलगा म्हणाला, अर्थ राहू दे, पुन्हा म्हण. जेवताना ते दोघं एका टेबलावर होते. पुढच्या आठवड्यात असतील की नाही माहीत नाही.

आता मदत हवी. पुढच्या टर्मला मला आपल्याकडची गाणी वर्गात न्यायची आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेत माझ्याकडे, ती सुंदर आहेत, पण मला वाड्यावरची हवीत, बायांनी जात्यावर म्हटलेली, ज्यांत येशू आला आहे. छापलेलं फारसं सापडत नाही. कुणाच्या घरात असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

—

वसईचा_वारा
रविवार, रात्री ८.२०

आमच्या सामवेदी बोलीतली लग्नगीतं आहेत, पण ती तुझ्या कामाची नाहीत बहुतेक. तरी पाठवतो.

—

तर्कटराव
रविवार, रात्री ९.००

माझी आजी ख्रिस्ती नव्हती, पण जात्यावरच्या तिच्या ओव्या आहेत टेपवर. चालतील का विचारायचं होतं. (आजीवरून आधी जे बोललो ते सगळ्यांनी विसरावं.)

—

भाऊसाहेब_भिंगार
सोमवार, सकाळी ६.३०

बाई, दोन माठ खुशाल सांग, परवानगी कसली त्यात.

वडिलांची एक वही आहे ट्रंकेत. आईने म्हटलेल्या ओव्या त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, पंचवीस-तीस असतील. काही मोडीत आहेत, काही बाळबोध. कडा कुरतडल्यात. नातू फोटो काढून पाठवतो आज. मोडी वाचता येते का तुला?

—

नगरी_पेन
सोमवार, सकाळी ६.४०

नाही येत काका. पाठवा तरी. वाचणारं माणूस शोधते.

—

जुनं_पान
सोमवार, सकाळी ७.१५

मला येते. व्यनि केला आहे.